लेखाखालचं नाव

लीलाचे बाबा,

त्या संपादकानं माहा लेख चोरला. शब्द न् शब्द माहा, अन् खाली नाव छापलं तुमचं. बाईचं नाव पाहून लोक हसतील म्हणे! काल बाजारात शेषरावभाऊजी "वा रे लेखक!" म्हणाले, तर तुमी नुसतं पागोटं सारखं केलं. शेजारच्या पार्बताबाईनं मले विचारलं, "कोणी लिहिलं वो?" लग्नापासून तुमचं नाव म्या तोंडून काढलं नाही, अन् आता माह्याच लेखासाठी काढू?

मी लीलाले घेऊन अमरावतीले त्या संपादकाकडं चालली. भाकर शिंक्यावर आहे. मिरचीले पाणी द्या.

तो माहं ऐकणार नाही, तुमालेच विचारील. तवा खरं सांगाल का? संध्याकाळी येतो आमी. दारातच सांगा, हो का नाही?

वच्छला