पाच घरचं पीठ

३ नोव्हेंबर

आलो एकदाचे शहागडला. दीपमालाची बदली झाली, आणि तिच्यामागून मी, आमची चार वर्षांची अर्पिता आणि पुस्तकांची खोकी अशी वरात निघाली. दीपमाला गुरांची डॉक्टर आहे आणि मी पेपरात विनोदी सदर लिहितो. म्हणजे घरात उपयोगाचं माणूस एकच.

घर झकास आहे. हायवेपासून एक गल्ली आत. मागच्या खिडकीतून गोदावरी दिसते, पुढच्या खिडकीतून ट्रक. घरमालकीण केशरबाई समोरच राहतात. त्यांनी आल्याआल्या पिठलं-भाकरी पाठवली आणि मागोमाग स्वतः आल्या; पिठलं कसं झालंय ते विचारायला नव्हे, आम्ही कसे झालोय ते बघायला. सर पेपरात लिहितात, हे त्यांनी गल्लीभर करून टाकलंय. रिटायर कंडक्टर साहेबराव तर मला दारोदार नेऊन दाखवत होते, जणू बाजारातून त्यांनीच निवडून आणलेला गोऱ्हा. मला आवडलं. खोटं कशाला लिहू, फारच आवडलं.

अर्पूला जरा खोकला आहे. प्रवासाची धूळ, दुसरं काय.

११ नोव्हेंबर

प्रवासाची धूळ नव्हती. जालन्याला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवून आलो. छातीचा फोटो स्वच्छ, रक्त स्वच्छ. औषध द्या, वाफ द्या आणि धूळ टाळा म्हणाले. शहागडात धूळ टाळायची तर नदीच्या तळाशी बिऱ्हाड करावं लागेल.

खोकला मोठा विचित्र आहे. आधी कोरडी उबळ, मग शिट्टी वाजावी तसा आत ओढलेला श्वास, आणि सगळ्याच्या शेवटी एक बारीक ‘आँ?’ कुणीतरी तिला काहीतरी विचारलंय आणि तिला नीट ऐकू आलेलं नाही, असं. गल्लीत जेवढी माणसं तेवढी औषधं. अडुळसा, सुंठ-गूळ, ओव्याची पुरचुंडी. सगळी करून झाली. म्हशीला झालं असतं तर मी कधीच बरं केलं असतं, असं दीपमाला हसत म्हणाली आणि मोरीत जाऊन रडली.

१८ नोव्हेंबर

नदीकाठी लिंबाखाली एक शेंदूर फासलेला दगड आहे. ती खोकलाई. लेकराचा खोकला हटत नसला की आईनं नाहीतर बापानं पाच घरी पीठ मागायचं, त्याची भाकरी करून तिच्यापुढं ठेवायची आणि मागं न बघता घरी यायचं. हे मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं आणि मी त्यावर सदर ठोकलं होतं: खोकलाईला स्वतःला खोकला झाला तर ती कुणाकडं पीठ मागते? साहेबरावांनी ते पारावर मोठ्यानं वाचलं. लोक हसले, पाहुण्याच्या विनोदाला हसावं तेवढं.

केशरबाईंनीही ऐकलं असणार. त्याबद्दल एक अक्षर न काढता त्या आज आल्या, अर्पूच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या आणि जाताना रीत सांगून गेल्या. पदर नाहीतर उपरणं पसरायचं आणि कशासाठी मागतोय ते तोंडानं सांगायचं. देणारानं मूठ टाकताना म्हणायचं, पीठ तुझं, दुखणं देवीचं.

“सांगून मागा बरं का सर. लपवून न्हाई.”

मला वाटलं, दीपमाला माझ्यासारखीच हसेल. ती म्हणाली, करून टाक. औषध चालूच ठेवू, पण करून टाक. पीठच मागायचंय, जीव नाही. मी म्हटलं, या तोंडानं? ती म्हणाली, मग दुसरं तोंड आण. उद्यापासून तिला लसीकरणाला खेडोपाडी फिरायचंय. म्हणजे जायचं मलाच.

२१ नोव्हेंबर

मागून आलो.

पण सांगितलं नाही. साहेबरावांच्या दारात उभा राहिलो. हाच माणूस माझं सदर पारावर वाचतो. तोंडातून निघालं ते असं, की पाहुणे आलेत अचानक आणि दळण संपलंय. कोण पाहुणे, हेही त्यांनी विचारलं. भोकरदनचा मेहुणा, मी म्हणालो. मला मेहुणा नाही. मग पंक्चरवाला कडूबा, शिलाईवाली मीना, भागवत गुरुजी, सगळीकडं हाच मेहुणा नेला. शेवटचं घर पुष्पाबाईंचं, आमच्या भिंतीला भिंत. त्यांचा हरिओम अजून धड चालत नाही. आईच्या कडेवरून वाकून त्यानं पिठात हात घातला आणि माझ्या शर्टाला पुसला. सगळे हसलो. पुष्पाबाईंनी वर आणखी भर घातली. पाहुणा उपाशी न्हाई राह्यला पाहिजे, म्हणाल्या.

‘दुखणं देवीचं’ कुणी म्हटलं नाही. कसं म्हणतील?

भाकरी मी भरदुपारी टोपी घालून ठेवून आलो. बातमीदार मागावर असावेत, असा.

२४ नोव्हेंबर

गेला! अर्पू सकाळपासून अंगणात ओरडतेय, पळतेय, जिन्यावरून उड्या मारतेय. खोकला असा नाहीसा झाला, जणू कुणी येऊन घेऊन गेलं. दीपमालानं मला चक्क शिरा करून घातला. औषधाचा गुण, मी म्हणालो. कशाचा का असेना, ती म्हणाली. झोपेत अर्पूचा श्वास इतका हलका चालतो की हात लावून बघावं लागतं.

२८ नोव्हेंबर

साहेबरावांना खोकला झालाय. पारावर बसले होते, मला बघून उठले, बोलायला तोंड उघडलं आणि उबळ आली. आधी वाटलं, अर्पू माझ्या मागोमाग आली. वळून बघितलं. कुणी नव्हतं.

सत्तरीचा माणूस. मिशा पांढऱ्याशुभ्र. त्यांच्या गळ्यातून माझ्या मुलीचा आवाज आला. तीच शिट्टी. आणि शेवटी, माझ्याकडं बघत, ‘आँ?’

त्यांना कळलं नाही. हवा बदलली, म्हणाले.

१ डिसेंबर

कडूबा खोकतोय. दुकानातून ऐकू येतं. ट्रक जात असला तरी ऐकू येतं.

मी ज्या क्रमानं गेलो, त्याच क्रमानं चाललंय.

४ डिसेंबर

मीनाही. आज केशरबाई आल्या. फार शांत होत्या. गल्लीत लहान लेकराचा खोकला मोठ्या माणसांना लागलाय आणि असं एकाच गोष्टीनं होतं, म्हणाल्या. कुणीतरी लपवून मागितलं. लपवून मागितलं की दुखणं देवीकडं पोचत नाही, ज्यानं न कळता पीठ दिलं त्याच्या घरी राहतं. आणि त्यानं स्वतः पाच घरं मागून उपयोग नाही, कारण ते त्याचं नव्हतंच.

“सांगून मागितलं ना सर?”

मी म्हणालो, हो.

त्यांनी मान डोलवली. चहा घेतला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, यावर उपाय काय असतो. त्या म्हणाल्या, ज्यानं लपवलं त्यानं देणाराला खरं काय ते सांगायचं आणि म्हणायचं, माझं मला द्या. एका घरी म्हटलं तरी पुरे. मग पाची घरचं एकदम परत येतं, ज्याचं होतं त्याच्या छातीवर. एवढं कोण घेईल सर? म्हणून कुणी बोलत नाही.

अर्पू त्यांच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती.

७ डिसेंबर

भागवत गुरुजी. फळ्याकडं तोंड करून खोकत होते आणि वर्ग हसत होता. पोरांना वाटलं, गुरुजी नक्कल करताहेत.

पुष्पाबाईंचं घर राहिलंय. आजच जाऊन सांगता येईल. घरापर्यंत गेलोही. त्या म्हणाल्या, या ना सर, मेहुणे गेले का? मी म्हणालो, गेले.

परत आलो.

१० डिसेंबर

हरिओम.

११ डिसेंबर

दीपमालाला काल रात्री सांगितलं. सगळं. तिनं अर्पूचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, मी तुला जा म्हणणार नाही. जाऊ नको, असंही म्हणणार नाही. सकाळी गाडी काढून कामाला गेली. माझ्याकडं बघितलं नाही.

माझी लाज मोठी की भीती, हे मला ठरवता येत नाही. भीती असावी, असं वाटतं. भीतीला लोक माफ करतात.

१३ डिसेंबर

हरिओमला जालन्याला नेलं होतं. परत आणलाय. संध्याकाळी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत. ओठ निळे पडतात, म्हणे. एवढ्याशा छातीत ती शिट्टी — आणि ‘आँ?’ भिंतीतून येतं. मला विचारतं.

सदर पाठवलं नाही. हसू येईल असं काही —

त्याच दिवशी, दुपारी

दार वाजतंय. पुष्पाबाई. खिडकीतून दिसताहेत. पोरगं खांद्यावर, पदर पसरलेला. गाडी येईस्तोवर पाच घरं करून घेताहेत. माझं घर शेवटचं.

“सर, लेकराच्या खोकल्यासाठी मागून राह्यले. एक मूठ द्या.”

सांगून मागताहेत. किती सोपं आहे ते.

अर्पू आत पळाली, मी देते म्हणत. डब्याचं झाकण वाजलं. मी लिहितोय, कारण लिहिताना उठावं लागत नाही.

बाहेर तो खोकतोय. श्वास आत ओढला — सोडत नाही — सुटला.

आधी इथं लिहून काढतो, लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणून बघतो, मग दार उघडून तेच म्हणतो. पुष्पाबाई, त्या दिवशी पाहुणे आले नव्हते. मला मेहुणाच नाही. पीठ अर्पूच्या खोकल्यासाठी नेलं होतं. माझं मला द्या

बाहेरचा खोकला थांबला. पुष्पाबाई हरिओमला हाक मारताहेत — तो रडतोय, खणखणीत रडतोय —

आत डबा पडला. अर्पू —

एक नाही, पाच आवाज, एका गळ्या