दुरुस्तीपट्टीतून वाचलेल्या घराची निरवानिरव

मी, मिरेया फुंडोरा, कै. नेल्सन फुंडोरा यांची पत्नी, वय एकोणऐंशी, जन्म क्यूबातल्या कार्देनासचा, धंदा बायकांचे केस कापण्याचा, आता निवृत्त, राहणार पेलिकन कोव्ह टॉवर, सातवा मजला, हॉलंडेल बीच, फ्लोरिडा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही असे डॉक्टर म्हणतात, म्हणून ही घाई. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालणारी माणसे या इमारतीत पुष्कळ आहेत, पण त्यांच्याशी मी बोलत नाही. आधीच्या मृत्युपत्रात मी सगळे मुलाला दिले होते. ते आजपासून रद्द.

कलम एक. मला नेल्सनच्या शेजारी पुरावे. आमच्या इमारतीच्या असोसिएशनच्या बोर्डाने फुले पाठवली तर परत करावीत. ती आम्हा सगळ्यांच्या मेंटेनन्समधूनच आणलेली असणार, आणि माझ्या पैशाने माझ्यावर फुले वाहिलेली मला नकोत.

कलम दोन. माझ्या कात्र्या, जपानी पोलादाची मोठी धरून, सोराइदा पेन्याला द्याव्यात. ती दुकानात माझ्या शेजारच्या खुर्चीमागे आयुष्यभर उभी राहिली. दुकान मी तिलाच विकले. विकायचे नव्हते. का विकावे लागले ते पुढे येते.

कलम तीन. बाल्कनीत जुन्या टॉवेलखाली झाकलेले सिमेंटचे ढेकूळ, ज्याला गंजलेल्या सळईचा तुकडा चिकटलेला आहे, ते वेंडेल लासिटर यांना त्यांच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगरावरच्या घरी पाठवावे. टपालखर्च माझ्या मिळकतीतून.

लासिटर अनेक वर्षे आमच्या असोसिएशनचे अध्यक्ष होते. मोठ्या दुरुस्तीसाठी दरमहा थोडे पैसे बाजूला काढायचे की नाही, यावर दर जानेवारीत सभेत मत घेतले जाई. लासिटर हसत उभे राहत. "मंडळी, आपण इथे ऊन खायला आलोय, सिमेंटची काळजी करायला नाही. मेंटेनन्स यंदाही वाढणार नाही." लगेच टाळ्या. त्या टाळ्यांची मला अजून शिसारी येते.

पैसे बाजूला काढा म्हणणारे हात दोनच असत. एक माझा आणि एक बर्निस एडलमनचा. बर्निस माझ्या समोरच्या दारात राहायची. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "गॅरेजच्या खांबांना भेगा पडल्यात. आत खारं पाणी जातंय. आत्ता थोडे थोडे भरू, नाहीतर एक दिवस सगळे एकदम भरावे लागतील."

"बर्निसबाई, तुम्ही पियानो वाजवा," लासिटर म्हणायचे, आणि सगळा हॉल हसायचा.

मग एका सकाळी गॅरेजच्या छतातून हे ढेकूळ नेल्सनच्या गाडीवर पडले. काच फुटून पुढच्या सीटवर आले. नेल्सन जिवंत असता तर त्या वेळी तिथे बसलेला असता. इंजिनियर हातोडी घेऊन खांब ठोकत फिरला तेव्हा त्याच्याबरोबर फक्त लासिटर होते. लासिटरांनी कुणाला काही सांगितले नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी आपले घर एका नर्सला विकले आणि डोंगरावर निघून गेले. इंजिनियरने काय सांगितले होते ते आम्हाला त्यानंतर कळले. खांब, गच्ची, बाल्कन्या, सगळेच करावे लागणार होते, आणि तिजोरीत लॉबी रंगवण्यापुरतेही पैसे नव्हते.

असोसिएशनने बँकेचे कर्ज काढले आणि घराघरावर दुरुस्तीपट्टी बसवली. एकरकमी भरा, नाहीतर दरमहा व्याजासकट. मी दुकान विकून अर्धी भरली, उरलेल्याला हप्ते लावले. बर्निसकडे विकायला काही नव्हते. हप्ता तिच्या पेन्शनच्या वर जात होता. या वयात तिला कोणती बँक दारात उभी करणार?

ती सभेत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही मागितले. "मला मुदत द्या. मी मेल्यावर घर विकून सगळं वसूल करा. लिहून देते."

पुढच्या रांगेतून एक जण म्हणाला, "तुम्हाला मुदत दिली तर तोवर तुमचा हप्ता आम्ही भरायचा का?"

हिशेबाने तो बरोबर होता. म्हणूनच जास्त किळस आली. हाच माणूस दर जानेवारीत सगळ्यात मोठ्याने हसायचा. बोर्डाने बर्निसच्या घरावर बोजा चढवला आणि घर लिलावात गेले. आता तिथे आठवड्याच्या भाड्याने टूरिस्ट येतात आणि कॉरिडॉरमध्ये वाळू सांडतात.

कलम चार. माझा मुलगा ओस्वाल्दो, राहणार टॅम्पा, याला त्याच्या वडिलांची बोट, मासेमारीचे सगळे सामान आणि घड्याळ द्यावे. घर आणि पैसे देऊ नयेत. कारण त्याला ठाऊक आहे, पण कोर्टालाही ठाऊक असावे. लिलावाची तारीख लागली त्या दिवशी त्याचा फोन आला.

"आई, समोरचं घर स्वस्तात जाणार आहे. आपण घेऊ. दोन्ही मिळून केवढी जागा होईल बघ."

"अरे, बर्निस अजून आत राहतेय."

"म्हणूनच तर स्वस्तात मिळतंय. तू नाही घेतलंस तर दुसरा कोणीतरी घेईलच."

या बर्निसने त्याला लहानपणी फुकट पियानो शिकवला होता. नेल्सन गेला तेव्हा ओस्वाल्दो अंत्यविधी उरकून त्याच संध्याकाळी परत गेला. बर्निस मात्र रोज सकाळी आपली कॉफी घेऊन यायची आणि मी काही बोलेपर्यंत गप्प बसायची. मुलावर माझे प्रेम आहे, ते मला सोडवत नाही. बोट चांगली आहे, त्याने ती वापरावी.

कलम पाच. सातव्या मजल्यावरचे माझे घर, आतल्या सामानासकट, बर्निस एडलमन हिला पूर्ण मालकीने द्यावे. बँकेतल्या माझ्या बचतीतून आधी दुरुस्तीपट्टीचे उरलेले हप्ते भरावेत आणि मग जे राहील ते तिला द्यावे. लिलावानंतर तिची भाची तिला ओकाला गावी आपल्या घरी नेऊन धुण्याच्या खोलीत ठेवणार होती. मीच म्हटले, सामान माझ्याकडे आण. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे, स्वयंपाक वाईट करते आणि रेडिओ मोठ्याने लावते.

गेल्या उन्हाळ्यात बोर्डाची नोटीस आली की पाहुण्याच्या मुक्कामाची मुदत संपली, पाहुण्याने जागा सोडावी. मी ऑफिसात गेले. मॅनेजर मुलगी म्हणाली, "नियम आहे, मॅडम. त्या नात्यातल्या आहेत का?"

"नात्यातला टॅम्पाला आहे," मी म्हटले. "त्याला हाकलायची नोटीस काढ, सही मी करते."

नोटीस त्यांनी मागे घेतलेली नाही. माझे डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी तिच्या बॅगा लॉबीत येतील, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून पाहुणी नाही, मालकीण.

कलम सहा. बर्निसने घर ठेवावे किंवा विकावे, तिची मर्जी. खांब आता भक्कम झाले आहेत, माणसे होती तशीच आहेत. या इमारतीवर माझा जीव नाही. तिला विकून समुद्रापासून दूर जावेसे वाटले तर तिने माझ्या नावाने रडत बसू नये, चांगला भाव घ्यावा. ती आधी "मला दया नको" म्हणेल. वकिलांनी वाद न घालता किल्ल्या टेबलावर ठेवून निघून यावे.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी सोराइदा पेन्या हिला नेमते.

ज्याला मिळते त्याने साक्षीला बसू नये असे वकील म्हणाले, म्हणून सहीच्या वेळी मी बर्निसला बाहेर पाठवले. दारात थांबून तिने विचारले, "माझ्याविरुद्ध काही शिजतंय का?"

मी म्हटले, "हो. येताना दूध आण."

वरील मजकूर मी वाचला आहे. तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

(सही) मिरेया फुंडोरा

आमच्यादेखत बाईंनी सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि रागात होत्या.

साक्षीदार १: (सही) तामिका बोलवेअर, नर्स, चौथा मजला. लासिटर यांचे घर मीच घेतले.
साक्षीदार २: (सही) अर्नो पेल्तिए, सहावा मजला

हॉलंडेल बीच, फ्लोरिडा
११ मार्च २०२४