दाढ काढण्यापूर्वी

प्रिय भूषण,

पत्राची सुरुवात अशी करतात, म्हणून केली. हे पाकीट तुझी आईच तुझ्या हातात देईल. कांताकाकू आज तुझा एक्स-रे न्यायला आल्या होत्या. आत दाढेबद्दलच्या सूचना आहेत, त्या भूषणनेच वाचायच्या, असं मी त्यांना बजावलं आहे.

तुझी खालची अक्कलदाढ आडवी आहे आणि पुढच्या दाढेला रेटते आहे. ती काढावीच लागेल. उद्या नीट जेवून ये, उपाशीपोटी चक्कर येते. तंबाखूचा तो खर्रा आजपासून बंद. काकूंना माहीत नसला तरी तुझ्या गालाच्या आतल्या बाजूला तो स्पष्ट दिसतो.

इंजेक्शन टोचेल, क्षणभर आग होईल, मग ओठ जड पडेल. दुखणार नाही, पण दाब कळेल. दाढेचे तुकडे करताना कडकन आवाज येईल, त्याला घाबरू नकोस. माझ्या हाताचीही काळजी नको. तुझ्यासाठी मी माझं काम बिघडवणार नाही.

आपलं साक्षगंध झालं, लग्न ठरलं, तेव्हा मी डेंटलच्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्याहून तुझा फोन आला. ऑफिसातल्या एका मुलीत तुझं मन गुंतलं होतं. तू रडलास. म्हणालास, घरी मी सांभाळून घेतो, तू फक्त गप्प राहा. मी गप्प राहिले. आणि तू घरी सांगितलंस की समीक्षाचंच कॉलेजात कोणीतरी आहे, तिनंच नाही म्हटलं. काकूंनी साक्षगंधाची साडी परत मागवली, आणि आपल्या गणेश मंडळाच्या हळदीकुंकवात कारणासकट सगळ्यांना सांगितलं. पुण्याच्या त्या मुलीशी तुझं पुढे जमलं नाही, हे मला नंतर कळलं. त्यात मला रस नाही.

माझ्या बाबांचं मात्र सांगते. प्लांटची ड्यूटी संपवून थेट गणपतीच्या आरतीला जाणारा, झांजा दुसऱ्या कोणाच्या हाती न देणारा माणूस. आता भाद्रपदात दार लावून टीव्ही बघतो. मी खरं सांगितलं, त्यांना पटलंही. पण मंडळात चला म्हटलं तर म्हणतात, "कावून जाऊ? मी गेलो का लोकं बोलता बोलता चूप होऊन जातात."

हे सगळं मी अजूनही गिळलं असतं. पण आज काकूंनी निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे वं पोरी, झालं ते झालं. मी तुले माफ केलं. माह्या पोराची दाढ तेवढी नीट काढून दे."

त्यांनी मला माफ केलं, भूषण.

तर आता शेवटची सूचना. दाढ निघाल्यावर टाके घालून मी त्या जागी कापसाचा बोळा ठेवीन. तो घट्ट चावून धरायचा. थुंकायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर रक्त थांबत नाही. तोवर तू खुर्चीतच राहशील. पेशंटसोबत आलेल्या माणसाला मी तेव्हा आत बोलावते, पुढची काळजी समजावायला. बर्फ कसा लावायचा, गार खिचडी कधी द्यायची, हे काकूंना सांगेन. आणि पुण्याच्या फोनबद्दलही सांगेन, एकही शब्द न वाढवता. तू समोर असशील आणि तुला एक अक्षर बोलता येणार नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं तर खुशाल जा. काकू मला कारण विचारतीलच.

आज संध्याकाळी मात्र तुझं तोंड मोकळं आहे. आईला स्वतः सांग, आणि तिला घेऊन माझ्या बाबांकडे जा. ते हल्ली संध्याकाळी घरीच असतात, तुला माहीत आहे का? तेवढ्यासाठीच हे लिहिलं. तू गेलास, तर उद्या मी फक्त दाढ काढीन.

एके काळी तुझी ठरलेली, उद्यापुरती तुझी डॉक्टर,
समीक्षा