रिकामा ठेवलेला रकाना

४ मार्च, बुधवार

आहे! ठोका आहे!

पडद्यावर घेवड्याच्या बीएवढं काहीतरी, आणि त्याच्या मधोमध लुकलुक लुकलुक. डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. "बघा, आठ आठवडे आणि तीन दिवस. मस्त चाललंय." मी तीनदा विचारलं, माझंच ना? तिसऱ्यांदा त्या हसल्या. "इथे दुसरं कोणी झोपलंय का?"

दाराशी आल्यावर म्हणाल्या, "तुमचं वय अडतीस. सरकारी दवाखान्यातली नेहमीची तपासणी पुढे होईलच. पण एक खासगी चाचणी आहे. फक्त तुमचं रक्त घेतात, बाळाला धक्का नाही. दहा आठवडे झाले की करता येते. करायची की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. सक्ती नाही." एक माहितीपत्रक दिलं. मी त्याची चौघडी करून पर्समध्ये सारली, वाचलंसुद्धा नाही.

घरी चालत आले. लांबच्या रस्त्यानं. कोण भेटलं, कुठे वळले, काही आठवत नाही. लुकलुक तेवढी आठवते.

५ मार्च, गुरुवार

छोटीला, माझ्या नणंदेला, इतक्यात सांगायचं नाही, असं ठरलं.

गेल्या वर्षी सहाव्या आठवड्यातच सांगितलं होतं. काय तो आनंद! हॉटेलच्या धुलाईखान्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकूण एक बाईला सांगून आली. मग नवव्या आठवड्यात सगळं संपलं. तेव्हा हिनं काय करावं? ज्या ज्या बाईला सांगितलं होतं, त्या प्रत्येकीकडे जाऊन "नाही झालं" असं सांगितलं. चौदा जणी. संध्याकाळी माझ्या पलंगाशी येऊन म्हणाली, "वहिनी, दोघी राहिल्यात. त्या रजेवर आहेत. सोमवारी सांगते." मी उशीत तोंड खुपसून रडले. ती माझ्या पायावर हात फिरवत बसली.

पुन्हा तिला त्यातून न्यायचं नाही.

८ मार्च, रविवार

दुपार. जेवणं झाली, खिडकीतून ऊन थेट पलंगावर. छोटी माझे केस विंचरत होती, आणि मी जागी नाही, झोपलेली नाही अशा कुठल्यातरी मधल्या ठिकाणी तरंगत होते. पाणी कोमट होतं. खाली वाळू दिसत होती. कोणीतरी माझं बोट धरलं होतं, पण ते इतकं हलकं की मी मान वळवून बघायला घाबरत होते, बघितलं की सुटेल म्हणून. असंच राहावं असं वाटत होतं, कितीतरी वेळ.

"झोपलीस काय, वहिनी? तोंड उघडं पडलंय!"

मग बिस्किटं निघाली. दोन मला, तीन तिला. हा तिचा कायदा. लहानपणी कुठल्याशा भल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, तुझ्या अंगात सगळ्यांपेक्षा एक गुणसूत्र जास्त आहे. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत बाईसाहेबांना एक जास्त. "मी थोडीच म्हणते? डॉक्टर म्हणाले!" एकतीस वर्षांची झाली, पण ह्या मुद्द्यावर माघार नाही.

संध्याकाळी न्हाणीघराला कडी लावून ते पत्रक वाचलं. ज्या आजारांची शक्यता ही चाचणी सांगते, त्यांची यादी. पहिलंच नाव डाऊन सिंड्रोम.

म्हणजे छोटी.

बाहेरून ती ओरडत होती, "वहिनी, आत राहायलाच गेलीस का?"

११ मार्च, बुधवार

कामावर, बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत. अंकुरण खोलीत उगाच जास्त वेळ रेंगाळले. तिथली हवा उबदार, ओलसर, आणि दार लावलं की बाहेरचा आवाज शून्य. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीत पन्नास बिया. आज त्या सगळ्या झोपलेल्या वाटल्या. मी चोरपावलांनी चालत होते! पंधरा वर्षं बिया तपासते आहे, असं कधी झालं नव्हतं.

मग टेबलाशी बसून गुंडाळ्या उलगडल्या. सामान्य रोपं इतकी, विकृत रोपं इतकी, मेलेल्या बिया इतक्या. "विकृत" हा शब्द मी आजवर किती हजार वेळा लिहिला असेल! आज लिहिताना हात अडला. पाच मिनिटं नुसतीच त्या रोपाकडे बघत होते. एक पान वाकडं. बाकी हिरवंगार, चांगलं तरतरीत.

लिहिलं शेवटी. पगार त्याचाच मिळतो.

१३ मार्च, शुक्रवार

लिफ्टवाल्याशी बोलले. (म्हणजे नवऱ्याशी. लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नाआधी बंद लिफ्टमध्ये मला तासभर धीर दिला तो ह्यानंच, तेव्हापासून हेच नाव.) छोटी कामावर होती. तो बूट काढत होता.

"करूया का ती चाचणी?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतेय."

"तुझं अंग, तुझं रक्त. तू म्हणशील तसं."

मला असा राग आला! सगळं माझ्या गळ्यात घालून मोकळा. म्हटलं, छोटी तुझी बहीण आहे, तुला काहीच वाटत नाही? त्यानं दुसरा बूट तसाच पायात ठेवला. मग बंद लिफ्टमधल्या माणसांशी बोलतो त्या आवाजात, सावकाश म्हणाला, "आईचं हृदयाचं दुखणं छोटीच्या हृदयाच्या तीन ऑपरेशनांनंतर सुरू झालं. मला शाळेतून आणायला कोणी यायचं नाही. आणि छोटी नसती तर ते घर घर नसतं. दोन्ही खरं आहे. मी काय सांगू तुला?"

मी त्याचा दुसरा बूट ओढून काढला.

"आधी कळू तर दे," तो म्हणाला.

"आणि वाईट आलं तर?"

तर काय, ह्याच्यापुढे दोघांपैकी कोणी गेलं नाही. आणि "वाईट" हा शब्द मी वापरला. मी! सहा वर्षं, सासूबाई गेल्यापासून, ती माझ्याजवळ आहे. माझ्या आईपेक्षा जास्त ती मला ओळखते.

१४ मार्च, शनिवार

करायची. ठरवलं. मला कळायला हवं. का ते विचारू नकोस.

१६ मार्च, सोमवार

दिलं रक्त. चकचकीत खासगी केंद्र, भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं, बसायला इतके मऊ सोफे की उठताना हात द्यावा लागेल. परिचारिका पोरसवदा, बोलायला गोड. "ही चाचणी शक्यता सांगते हं, खात्री नाही. जास्त शक्यता आली तर पुढची तपासणी असते. समजलं ना?" मला नाही समजणार तर कोणाला? मी म्हटलं, समजलं.

अर्जात एक रकाना होता. कुटुंबात कोणाला असा आजार आहे का? असल्यास नातं लिहा.

रिकामा सोडला.

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यावर फक्त क्रमांक असतो. बी कोणाचं, कुठलं, मागच्या वर्षी कसं होतं, तपासणाऱ्याला काही सांगायचं नाही. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, नाव कळलं की डोळा नावाकडे झुकतो. मी तसंच केलं. म्हटलं, त्यांनी माझं रक्त कोऱ्या नजरेनं वाचावं. चांगली पद्धत आहे. अगदी शास्त्रीय.

इथे तरी खरं लिही बाई. त्या एवढ्याशा चौकटीत छोटीला बसवायला हात धजला नाही.

१७ मार्च, मंगळवार

मळमळ, मळमळ, मळमळ. लिंबू हुंगत जगते आहे.

१९ मार्च, गुरुवार

रजा टाकली. छोटीलाही बदलीची सुट्टी. मी स्वयंपाकघरात, ती बाहेर टॉवेलांच्या घड्या घालत होती. घरातले टॉवेलसुद्धा ती हॉटेलसारखेच घालते, तीन पदरी, कडा आत.

फोन वाजला. केंद्रातली ती परिचारिका. "एक रकाना रिकामा राहिलाय. भरल्याशिवाय नमुना पुढे जात नाही. फोनवर सांगितलंत तरी चालेल." अरे देवा! माझी शास्त्रीय पद्धत! बियांची पद्धत माणसांना लावायला गेले आणि तोंडावर पडले.

मी हळू आवाजात सांगितलं. तिला ऐकूच येईना. "जरा मोठ्यानं बोलता का?" मग बोलले मोठ्यानं. हो, नवऱ्याची सख्खी बहीण. हो, डाऊन सिंड्रोम. एकतीस. नाही, आणखी कोणी नाही. हो, बाळाला तसं काही नसावं, म्हणूनच चाचणी करतोय.

फोन ठेवून वळले तर छोटी दारात. हातात टॉवेल.

"कुणाचा फोन?"

"ऑफिसचा."

"बरं," म्हणाली आणि गेली.

पण तिला काही कळलं नसावं. मी भरभर बोलत होते, आणि ती बाहेरच्या खोलीत होती. कळलं असतं तर विचारलं असतं. ती विचारल्याशिवाय राहते थोडीच? तिच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

२० मार्च, शुक्रवार

पहाटेच्या साखरझोपेत स्वप्न पडलं. मी अंकुरण खोलीत आहे आणि खोलीला भिंतीच नाहीत. धुकं. मी एक गुंडाळी उलगडते आहे, कागद संपतच नाही, उलगडतेय, उलगडतेय, पायाशी सगळा ओला कागद साचला आहे. भीती नव्हती. उलट इतकं शांत वाटत होतं. आत कोणीतरी आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला अजिबात घाई नव्हती. जाग आली तेव्हा हात पोटावर.

त्या स्वप्नात मी काही मोजत नव्हते. दिवसा तसं का राहता येत नाही?

२४ मार्च, मंगळवार

छोटी जरा गप्प आहे. संध्याकाळी बिस्किटांचा पुडा पुढे केला तर दोनच घेतली. मी म्हटलं, अगं तिसरं? "नको." पोट बरं नसेल. किंवा धुलाईखान्यात कोणी बोललं असेल, तिथली मुकादमीण तोंडानं फटकळ आहे. लिफ्टवाल्याला म्हटलं, जरा विचार तिला. त्यानं विचारलं. "काही नाही, दादा." बास, एवढंच.

तिच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं. निकालाचं एकदा होऊन जाऊ दे.

२७ मार्च, शुक्रवार

आला निकाल!

शक्यता कमी. अगदी कमी, परिचारिका म्हणाली, दहा हजारांत एकाहूनही कमी. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होते. फोन ठेवला, अंकुरण खोलीत गेले, दार लावलं आणि ढसाढसा रडले. मोठ्या बाई आत आल्या. रुमाल दिला आणि बाहेर पहाऱ्याला उभ्या राहिल्या.

लिफ्टवाला कुठल्याशा इमारतीत सातव्या मजल्यावर लटकलेला होता. फोनवर त्याचा श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "थांब, आधी कुठेतरी धरून उभा राहतो."

शंभर टक्के नाही, ठाऊक आहे. टक्का गोणीचा असतो, एकेका दाण्याचा नव्हे, हे मीच नव्या मुलींना शिकवते. पण आज मला टक्केवारी शिकवू नका! आज मी आनंदात आहे. संध्याकाळभर घरात तरंगत होते. कपाट उघडलं आणि का उघडलं ते विसरले. दूध उतू घातलं. गॅलरीत उभी राहून समोरच्यांच्या दोरीवरचे एवढेएवढे कपडे बघत राहिले, ऊन जाईपर्यंत.

मग छोटी कामावरून आली, दारात चपला काढत होती, आणि माझ्या मनात आलं, सुटले. तिच्याकडे बघत असताना आलं. लाज वाटली. फार वाटली. पण आनंद काही त्यानं कमी झाला नाही, हेही लिहून ठेवते.

रविवारी तिला सांगायचं. आता भीती नाही. ती नाचेल!

२९ मार्च, रविवार

सांगितलं. नाचली नाही.

म्हणाली, "तो फोनवरचा निकाल आला का? माझ्यासारखं नाही ना?"

मी नाही म्हणाले.

"मग ठेवणार तुम्ही."

विचारलं नव्हतं तिनं. समजूत घातल्यासारखं म्हणाली, आम्हा दोघांची. तिचा दादा तिच्या शेजारी जाऊन बसला. मला जागचं उठता आलं नाही.