घासलेली पट्टी

बार्शीटाकळी
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

माधवी,
जयभीम. घरी सगळे ठीक. तुरीले शेंगा धरल्या. माहे गुडघे होते तसेच आहेत. फोन केला असता, पण तू मधीच कापतेस. कागद कापता येत नाही.

रविवारी अमरावतीहून आलीस आन् जेवता जेवता हसत सांगितलंस. विमानातल्या यंत्राच्या झाकणाखाली कुकरच्या रिंगसारखी एक जाळीची पट्टी असते, बाहेरच्या रेडिओ-रडारच्या लहरी आत शिरू नयेत म्हणून. तुमी ती मिठाच्या धुक्यात ठेवता, गंजू देता, मंग लहरी किती गळतात ते मोजता. यावेळी पट्टीवर पांढरी भुकटी धरली. साहेबाले घाई. तू मोजायच्या आधी ती घासून पुसून काढली, पट्टी पास झाली. "आजी, तुह्यासारखीच घासली," म्हणालीस.

तुहा बाप हसला. माहा घास हातातच राहिला.

अवं, गंजल्यावर काय होते हेच पाहायचं होतं ना? मंग गंजच काढून काय मोजलं, तुहं मनगट? वर आभाळात पट्टी पुसाले कोण बसणार आहे? पायलटाची आजी?

आता माहं ऐक. तू जन्मली नव्हती. भीमजयंतीच्या पंगतीसाठी मोठ्या पितळी भगोण्याले कल्हई करून आणायचं काम माह्याकडे होतं. मी गेलीच नाही. आतून हिरवं धरलं होतं, ते चिंच-राखेनं घासून टाकलं. कढी पार्बताबाई करायची. तिचं तोंड चुलीच्या धुरात. तिनं विचारलं, "कल्हई झाली का वं?"

म्या म्हटलं, "झाली."

आंबट कढी पितळेत कळकली, सतरा पोरं ओकली. लोक म्हणाले, पार्बताबाईचं दहीच नासकं. म्या बी मान डोलावली. तवापासून जयंतीच्या चुलीपाशी तिले कोणी उभं केलं नाही. तुले घासणं शिकवलं, हे नाही सांगितलं.

आज सकाळी तिच्या दारात जाऊन सांगून आली. ती तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही.

"मले तवाच माहीत होतं," म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं तू कधी येतेस तेच पाहून राहिली."

तुहा अहवाल सोमवारी जाते. त्याच्या आधी साहेबाले तोंडानं सांग, काय केलं ते. नवी पट्टी पुन्हा मिठात ठेवा. नोकरी गेली तर घरी ये, भाकर आहे. साहेबाले न सांगता आलीस तर दार लावलेलं भेटेल.

घासणं शिकवणारी,
तुही आजी
सुंदराबाई