लेकीच्या घरातली विमानं

१० नोव्हेंबर
प्लास्टर निघालं. हात बघून मलाच शिसारी आली. वाळका, पांढराफटक, कातडं सुटलेला. व्यायामवाल्या मॅडम म्हणाल्या, उजव्या हातानं रोज चार ओळी लिहा. कागदाच्या घड्या घाला, अंगठ्यानं दाबा.
"कसल्या घड्या?"
"काहीही. होडी, विमान."
होडी येत न्हाय. विमान येतं. लेकीला, पूजाला, नुसतं पू. लिहिणार, बोटं ठणकतात.

११ नोव्हें.
बसच्या पायरीवरनं पडले तवापास्नं इथं, लेकीकडं. माझं गाव हुपरी काय लांब न्हाय ह्या कोल्हापूरपास्नं, पण लेकीचं घर ते लेकीचं. परत चहा मागायचीबी चोरी. जावयांना मी पावणंच म्हणते, ते मला मामी. जेवला का, बसा, एवढंच बोलणं आमचं.
विमानं केली. सगळी नाकावर आपटली. अंगठा दाबतच न्हाय, नुसता टेकतोय.

१३ नोव्हें.
पावण्यांनी शिरोलीच्या कंपनीतनं एका बाजूनं कोरे कागद आणले, थप्पीच. "मामी, करा किती करायची ती." रात्री सोडलेलं विमान थेट त्यांच्या आमटीच्या वाटीत. मेले मी लाजेनं! पू. हसून हसून लोळली. पावण्यांनी गपचूप बाहेर काढलं आन म्हणाले, "उतरलं मात्र झ्याक."

१६ नोव्हें.
धाकट्या जाऊचा फोन. आम्ही दोघी घरातच पैंजणाच्या कड्या जोडतो. मालक, पू.चे वडील, गेल्यावर त्या कामानंच मला उभं केलं, पू.चं शिक्षण त्यातनंच.
"अक्का, लग्नसराईचं काम आलंय. येतासा का? न्हायतर तुमच्या जागंवर दुसरी बाई बसवाय लागंल."
तिचं काय चुकलं? एक तारखेला सांगते म्हटलं.
पू. म्हणते, "बास की आई आता. डोळं गेलं, पाठ गेली, आता हात. इथंच राहा."
इथं राहून करू काय? विमानं?

१९ नोव्हें.
दोनदा दार उघडून उभी राहिले. जायचं कुठंच न्हाय. झाडू घेतला तर पू. ओढून घेते. आपला हात जगन्नाथ म्हणतात, माझा जगन्नाथ आडवा पडलाय.
दिवसभर विमानं करून टेबलावर ठेवते, संध्याकाळी पू. कामावरनं आली की मी ती सोडते. आज एक जरा लांब गेलं. घडी बसाय लागली की काय...

२२ नोव्हें.
उडालं!! हॉलमधनं सरळ स्वयंपाकघरात, कट्ट्यावर. दुसरंबी तसंच. पावण्यांनी टाळ्या वाजवल्या. हात आला माझा. उद्या जाऊला कळवते, एक तारीख कशाला.
पू.चं तोंड उतरलं. दिसलं मला.

२३ नोव्हें., रविवार
बरं झालं सकाळी जाऊला फोन लागला न्हाय.
दुपारी उठून बाहेर आले तर पावणं टेबलापाशी पाठमोरे. माझं विमान उलगडून पट्टीनं घड्या दाबत होते, पंख सारखे करत होते. म्हणजे कालचंबी...
"काय चाललंय पावणं?"
दचकले. "काय न्हाय मामी, जरा नुसतं..."
"नुसतं काय? का मला घालवायची घाई झालीया?"
गेलं तोंडातनं. जावयाला असं कोण बोलतं? ते चप्पल घालून खाली गेले ते अंधार पडल्यावर आले.
पू. कडाडली, "विमान पडलं की तू जेवत न्हाईस, म्हणून करत होते ते!"
रडले. हातासाठी का बोलल्यासाठी, मलाच कळंना.

२५ नोव्हें.
दोन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज. शेवटी मीच चहा घेऊन गेले, उजव्या हातानं. निम्मा बशीत.
"पावणं, चुकलं माझं. पण परत हात लावू नका. पडायचं ते पडू दे. मला खरं कळाय पायजे."
"व्हय मामी. माझंबी चुकलंच की."
मग दोघांनी बशीतला चहा बघितला. हसू आलं.

२९ नोव्हें.
सुईत दोरा ओवाय बसले. न्हाय जमलं. कडी तर वळवायला जोर लागतो. जाऊला काय सांगू? येते म्हणावं आन तिथं जाऊन हसू करून घ्यावं? न्हाय म्हणावं तर... नुसती चिडचिड. पू.च्या अंगावर उगंच ओरडले.

१ डिसेंबर
आज जाऊला सांगायचं. विमान सरळ गेलं तर येते म्हणायचं. संध्याकाळी दोघांना समोर बसवलं. "पावणं, हात मागं." घेतले बिचाऱ्यांनी. त्यांच्यादेखत घडी घातली, येळ लागला. सोडलं. थोडं सरळ गेलं, मग उजवीकडं कललं, गरकन वळून पू.च्या पायाशी पडलं. पावण्यांचा हात पुढं आला, तसाच मागं गेला.
मग पू.नंच, काम सोड म्हणून माझ्या मागं लागलेल्या पू.नं, नवा कागद माझ्यापुढं आपटला.
"उजवी घडी ढिली हाय आई. दाब. अजून दाब की!"
दाबला अंगठा. डोळ्यात पाणी आलं, इतकं दुखलं.
तेवढ्यात फोन. जाऊच.
"मामी, उचलू?"
"वाजू द्या," म्हटलं. "एवढी घडी पडू दे."