अक्कलदाढेतला फोन नंबर

३ मार्च
मेहुण्याच्या नव्या दवाखान्याची वेबसाइट आज सुरू केली. मेहुणा दातांचा डॉक्टर. काम बायकोने शब्द टाकून मिळवून दिलं. नोकरी सोडल्यापासूनचं पहिलंच. पान उघडलं की काळोख, मग थ्रीडी जबडा सावकाश उघडतो. दातावर क्लिक केलं की माहिती. वेळा सुळ्यात, पत्ता पटाशीच्या दातात, फोन नंबर अक्कलदाढेत. स्वतःवरच खूश आहे.

६ मार्च
मेहुणा म्हणतो, एकही फोन नाही, लोकांना नंबर सापडत नाही. मी म्हटलं, शोधण्यातच तर मजा आहे. तो म्हणाला, ज्याचा दात ठणकतो त्याला मजा नको असते. कलेची जाण शून्य.
संकल्प: चिडायचं नाही. जबड्याचा वेग दुप्पट करायचा.

९ मार्च
वेग वाढवला. सासूबाई दचकल्या. चांगली खूण आहे. परिणाम होतोय.

११ मार्च, सकाळी
आईला साइट दाखवली. चष्मा लावून दहा मिनिटं बघत होती. मग विचारलं, हे तोंड कोणाचं, आणि बिचाऱ्याला झालंय काय?

१३ मार्च
मेहुण्याने पेशंटसाठी फॉर्म छापलेत. त्यात एक प्रश्न, खाली टिक करायला पर्याय: आमची माहिती कुठून मिळाली? सोमवारपर्यंत 'वेबसाइट'वर एक तरी टिक दिसली पाहिजे, नाहीतर काम बंद, म्हणाला. हे गेलं तर माझ्याकडे काही उरत नाही. बायको म्हणाली, लिही ना नंबर वरती, मोठ्या अक्षरात. मग मी केलं काय, असं लोक विचारतील! अक्कलदाढ लुकलुकती केली.

१४ मार्च
बायकोला युझर एक्स्पिरिअन्स समजावून सांगितला. तेव्हापासून बोलत नाही.

१६ मार्च, सोमवार, सकाळी १०
दाढ ठणकतेय. गाल टम्म. मेहुणा मोबाइल उचलत नाही. बायको अखेर बोलली: दवाखान्याचा नंबर साइटवर आहे ना? आहे. मीच टाकलाय, पाठ मात्र नाही. साइट उघडली. काळोख. जबडा. फोनवर अक्कलदाढ स्क्रीनच्या बाहेर जाते, हे आज कळलं. सरकवायला गेलं की जबडा मिटतो. सहा वेळा मिटला. रडलो. खरंच रडलो.

दुपारी
चालत गेलो. दवाखान्याच्या दारावर कागद, रिसेप्शनिस्टने मार्करने लिहिलेला. दात दुखतोय? खाली नंबर, खाली वेळ. अक्षर वाकडंतिकडं. चार पावलांवरून वाचता आलं.
आत आठ जण बसलेले. रिसेप्शनिस्टने मला ओळखलं नाही, फॉर्म दिला. आमची माहिती कुठून मिळाली? 'वेबसाइट'च्या खाली पेनने भर घातली होती: 'दारावरचा कागद'. सगळे तेच लिहितात, म्हणून वाढवलं, असं ती म्हणाली.
एक टिक हवी होती. फक्त एक. पेन 'वेबसाइट'वर टेकवलं. कोणी बघत नव्हतं. दाढेने असा ठणका मारला की डोळ्यांत पाणी आलं.
'दारावरचा कागद'वर टिक केली. माझा नंबर नववा.